तांबडीचा वास

डॉक्टरांनी दिलेली औषधाची काचेची नळी वैजयंती मेढेकर रोज सकाळ-संध्याकाळ नाकाशी धरायची, डोळे मिटून सावकाश श्वास घ्यायची, आणि रोज तिला काहीच कळायचं नाही. गार हवा आत गेली, एवढंच. दुसऱ्या महिन्यात एका सकाळी मात्र तिनं कॉफीचा कप तोंडाशी नेला आणि दचकून खाली ठेवला. कॉफीला जळक्या रबराचा वास येत होता. घाणेरडा, घशाशी येणारा. मग ती तिथंच स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली आणि हुंदके देऊन रडू लागली. आठ वर्षांत तिला आलेला तो पहिला वास होता.

आठ वर्षांपूर्वी तापाची जी साथ आली, तिच्यात पुष्कळांची नाकं गेली. बहुतेकांची महिना-दोन महिन्यांत परत आली. ज्यांची आली नाहीत, त्यांना लोक म्हणायचे, डोळे गेले नाहीत ना, कान गेले नाहीत ना, मग झालं. वैजयंतीलाही तेच ऐकावं लागलं. पण तिचं सगळं जगणंच वासावर चाललं होतं. पाचगणीहून खिंगरकडे जाणाऱ्या रस्त्यावर तिची सुगंधी वनस्पतींची बाग होती. हॉटेलांच्या स्वयंपाकघरांना ती बेसिल, रोझमेरी, पार्सली पुरवायची. आणि तिचा जीव होता तो थाईमवर.

थाईमचा वास आपल्या ओव्याच्या जवळचा, कारण दोन्हीत थायमॉल नावाचं एकच द्रव्य असतं. पण थाईमचा वास ओव्याहून मवाळ, थोडा लिंबाकडे झुकणारा. झाड मूळचं भूमध्य समुद्राकाठचं, कोरड्या उन्हात वाढणारं. पाचगणीच्या पावसात त्याचे वाफे दर वर्षी काळे पडून कुजायचे. हिमालयात एक रानटी थाईम होतो, तो चिवट, पण वासाला जेमतेम. या दोघांचा संकर करून पावसाला न हटणारा आणि तरी घमघमणारा वाण काढायचा, हा वैजयंतीचा ध्यास होता. ताप आला तेव्हा संकराची पहिली तीनशे रोपं तिच्या शेडमध्ये नुकती उगवून वर आली होती, आणि त्यांतलं एकही तिला हुंगता येत नव्हतं.

तिचा नवरा जयवंत शाळेत गणित शिकवायचा. माणूस सोन्यासारखा, पण बारमाही सर्दीचा. त्याच्या नाकावर विसंबण्यात अर्थ नव्हता. तेव्हा धाकटी बहीण धावून आली. शर्मिष्ठा पुण्याला उदबत्तीच्या कारखान्यात सुगंधतज्ज्ञ होती. नुसत्या हुंगण्यावरून तेलात काय किती आहे हे सांगणारी. तिनं ताईचा हात हातात घेऊन म्हटलं होतं, "रडू नकोस. माझं नाक तुझंच आहे असं समज."

आणि खरंच, ती दर रविवारी घाट चढून यायची. एकेका रोपाचं पान चुरगळून नाकाशी धरायची आणि सांगायची: हा कडू, हा फिका, हा बरा. वैजयंती तिच्या शब्दावर रोपं ठेवायची, उपटायची.

पावसाळा संपला तेव्हा तीनशेतली मोजकीच रोपं जगली होती. त्यांतल्या एकाला पावसानं काडीचंही काही केलं नव्हतं. लालसर, तांब्याच्या तारेसारखी त्याची खोडं जमिनीवर पसरून मग वर उठली होती आणि प्रत्येक पानाच्या बुडाशी पांढरी लव होती. वैजयंतीनं त्याचं नाव ठेवलं होतं तांबडी. त्या रविवारी ती शर्मिष्ठाच्या तोंडाकडे लहान मुलीसारखी बघत उभी राहिली.

शर्मिष्ठानं पान चुरगळलं, हुंगलं. पुन्हा एकदा हुंगलं.

"काही नाही गं, ताई," ती म्हणाली. "गवतासारखा वास येतो."

पावसाला पुरून उरलेलं ते एकच रोप होतं. पण वास नसलेला थाईम ठेवून करायचं काय? ती तांबडी उपटायला वाकली, तेव्हा शर्मिष्ठा म्हणाली, "टाकू नकोस. मला दे. आमच्या वाईच्या शेताच्या बांधावर लावते, माती तरी धरून ठेवील."

वैजयंतीनं स्वतःच्या हातानं मुळांना ओलं गोणपाट गुंडाळून तांबडी तिच्या गाडीत ठेवली. दुसरं एक बऱ्यापैकी रोप निवडून त्याचा वाण तिनं पुढे नोंदवला. तो ठीक होता. त्यानं कुणाला वेड लावलं नाही.

कॉफीच्या त्या सकाळनंतर ती पुण्याला तपासणीला गेली, तेव्हा डॉक्टर कीर्तने खूश झाल्या. औषधाची चाचणी त्यांच्याच दवाखान्यात चालली होती.

"घाण वास येतोय ना? उत्तम!" त्या म्हणाल्या आणि कागदावर नाकाचं चित्र काढू लागल्या. "हे बघा. नाकाच्या अगदी छताशी पोस्टाच्या तिकिटाएवढी जागा असते. वास ओळखणाऱ्या चेतापेशी तिथं असतात. शरीरातल्या इतर चेतापेशी मेल्या की बहुधा मेल्याच. या मात्र सारख्या झडतात आणि खालच्या थरातल्या मूळपेशी त्यांच्या जागी नव्या घडवतात. तुमच्या तापानं वरचा थर जाळला. ते भरून आलं असतं. पण तुमच्यासारख्या काही जणांत खालच्या मूळपेशीच झोपी गेल्या. हे औषध त्यांना हलवून जागं करतं."

"मग कॉफीला रबराचा वास का?"

"नव्या पेशींचे धागे मेंदूत शिरतात तेव्हा आधी चुकीच्या जागी जोडले जातात. हळूहळू आपली जागा शोधतात. थोडा दम धरा."

तिनं दम धरला. रबर गेलं, काही दिवस सगळ्याला गंजाचा वास आला, मग एकेक गोष्ट आपापल्या वासासकट परत येऊ लागली. फोडणीतली मोहरी. ओल्या कपड्यांचा ढीग. शेजारच्या कुत्र्याच्या अंगाचा उग्र दर्प, ज्यानं ती मोठ्यानं हसली. शर्मिष्ठाला तिनं अजून काही कळवलं नव्हतं. अलीकडे बहीण कामात बुडालेली असायची. नाक पूर्ण बरं झालं की तिला चकित करायचं, असं वैजयंतीनं ठरवलं होतं.

आणि एका दुपारी तिनं कपाटाच्या वरच्या फळीवरून एक पिशवी काढली. जयवंत तीन वर्षांपूर्वी हृदयविकारानं गेला होता. त्याचा राखाडी स्वेटर तिनं न धुता, हवाबंद पिशवीत घालून ठेवला होता. तिला स्वतःला त्याचा काही उपयोग नव्हता. पण शर्मिष्ठा आली की ती पिशवी उघडून तिच्यापुढे धरायची. "अजून येतो का गं त्यांचा वास?" शर्मिष्ठा स्वेटरमध्ये तोंड घालायची आणि म्हणायची, "येतो." तेवढ्यावर वैजयंतीचे पुढचे काही आठवडे जायचे.

आता तिनं दार लावून घेतलं, पलंगावर बसली आणि स्वेटर चेहऱ्यावर दाबला. लोकरीचा वास आला. प्लास्टिकचा आला. बाही, गळा, काखेची शिवण, सगळीकडे तिनं नाक फिरवलं. जयवंत कुठंच नव्हता. आपल्याला उशीर झाला, असं तिनं स्वतःला समजावलं. औषध आत्ता निघालं, त्याला कोण काय करणार?

शेवटच्या तपासणीला दवाखान्यात गर्दी होती. शेजारच्या खुर्चीवर लोंढे नावाचा मध्यमवयीन गृहस्थ बसला होता. गॅसच्या नळजोडणीचं काम करायचा. छातीला गळती दाखवणारं यंत्र लावूनच तो वावरायचा. त्याचं नाव चाचणीच्या पुढच्या तुकडीत लागलं होतं.

"यंत्र सांगतं हो, गळती आहे म्हणून," तो म्हणाला. "पण बाई, यंत्राला भीती वाटत नाही. वास आला की आधी अंगावर काटा यायचा, मग हात चालायचा. आता हात चालतो, काटा येत नाही. दोनदा वाचलोय. पोरी म्हणतात, काम सोडा. सोडून खाऊ काय? तुम्हाला खरंच वास येतो आता?"

"येतो," वैजयंती म्हणाली. "तुम्ही पेरू खाऊन आलाय."

लोंढे तिच्याकडे बघतच राहिला. मग त्यानं तोंड फिरवून रुमालानं डोळे पुसले.

आत डॉक्टर कीर्तनेंनी तपासणी संपवली आणि टेबलाखालून एक कुंडी काढून तिच्यापुढे ठेवली. "बऱ्या झालेल्या प्रत्येकाला देतोय. तुमचं औषध याच झाडातून येतं, फक्त गाळून काढल्यावर त्याला वास उरत नाही. घरात ठेवा, येता-जाता हुंगा. तुम्हाला तर झाडांचं वेडच आहे."

वैजयंतीनं आधी वास घेतला नाही, कारण तिची नजर खोडावर पडली होती. लालसर खोड, तांब्याच्या तारेसारखं. पानाच्या बुडाशी पांढरी लव. तिनं अंगठ्यानं लव चाचपली. मग पान चुरगळून नाकाशी नेलं.

आधी लिंबाच्या सालीसारखं काहीतरी उडालं. त्यामागून ओव्याची ऊब आली, भाजून बाजूला ठेवलेल्या ओव्याची, आणि सगळ्याच्या तळाशी कापलेल्या उसासारखा गोडवा थांबून राहिला. इतकी वर्षं तिच्या डोक्यात होता, पण कधी नाकाला लागला नव्हता, तो हाच वास. अगदी हाच.

"हा वाण कुणाचा?" तिनं विचारलं. आपला आवाज तिला लांबून आल्यासारखा वाटला.

"वाईच्या शर्मिष्ठा खामकरांचा. 'पर्णिका' म्हणतात त्या. नोंदणी व्हायचीय अजून. फार हुशार बाई. चार वर्षांपूर्वी स्वतःहून आल्या माझ्याकडे. त्यांच्या अर्काच्या भट्टीवर दोन बायका कामाला होत्या, दोघींचं नाक त्याच तापात गेलेलं. काही महिने त्या वाफेत काम केलं आणि दोघींना वास यायला लागला! खामकरांनी लगेच ताडलं. तिथून हे सगळं सुरू झालं."

"चार वर्षांपूर्वी," वैजयंती म्हणाली.

"चार, हो. का?"

वैजयंतीनं मान हलवली. मग तिनं विचारलं, "नोंदणीला कुणी हरकत घेतली तर?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. "तसं होऊ नये अशीच प्रार्थना आहे. वाद कोर्टात गेला की निकाल लागेपर्यंत लागवडीवर स्थगिती येते, आणि लागवड थांबली की औषध थांबतं. असे वाद वर्षानुवर्षं चालतात. बाहेर जे बसलेत त्यांना मी काय सांगू? हा रेणू आम्हाला अजून प्रयोगशाळेत बनवता आलेला नाही. झाडच लागतं."

घरी येताना कुंडी तिच्या मांडीवर होती. जयवंत तीन वर्षांपूर्वी गेला. त्याच्या आदल्या वर्षीच शर्मिष्ठाला कळलं होतं. म्हणजे तो जिवंत असताना. रोज संध्याकाळी शाळेतून येऊन, तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसून पेपर तपासत असताना. पुढेही कितीदा शर्मिष्ठा त्याच घरात आली होती, त्याच्या स्वेटरमध्ये तोंड घालून बसली होती आणि "येतो" म्हणाली होती. गाडी पसरणीच्या घाटात असताना वैजयंतीनं काच खाली केली. तिला कुंडी बाहेर फेकावीशी वाटली. तिनं ती दोन्ही हातांनी धरून ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती न कळवता वाईला गेली. शर्मिष्ठाचं शेत गावाबाहेर, नदीच्या अलीकडे. पूर्वी तिथं हळद असायची. आता फाटकापासून घरापर्यंत तांबडीच तांबडी पसरली होती, जांभळट फुलांवर आलेली, मधमाश्यांनी गजबजलेली. गेली काही वर्षं शर्मिष्ठाच पाचगणीला यायची. "इथं फार ऊन आहे, तू कशाला त्रास घेतेस," म्हणायची.

शर्मिष्ठा भट्टीच्या शेडमधून हात पुसत बाहेर आली. ताईला पाहून तिचे पाय जागीच थांबले.

"अगं, फोन तरी करायचास."

वैजयंतीनं वाकून एक काडी तोडली, बोटांत चुरगळली आणि नाकाशी धरली. "गवतासारखा वास येतो म्हणाली होतीस."

शर्मिष्ठा झाडाकडे पाहत नव्हती. ती ताईच्या नाकाकडे पाहत होती. "तुला... येतो?"

"येतो."

आणि शर्मिष्ठाचे डोळे एकदम भरून आले. ते सोंग नव्हतं, हे वैजयंतीला लख्ख कळलं. तिला जड गेलं ते यामुळेच. "कधीपासून? कसा?"

"तुझ्याच औषधानं. मी कीर्तनेंची पेशंट आहे. तुला रोग्यांची नावं सांगत नाहीत वाटतं."

शर्मिष्ठा पायरीवर बसली. मग ती बोलू लागली, आधी खाली बघत, मग मान वर करून.

"मी चोरली नाही, ताई. तू दिलीस."

"तू खोटं बोललीस म्हणून दिली."

"हो, बोलले. त्याच्या आदल्या आठवड्यात तुझ्यावर मासिकात लेख आला होता, आठवतो? 'एका स्त्रीची जिद्द.' फोटो तुझा, बाग तुझी. मी दर रविवारी घाट चढून येत होते, तुझ्या एकेका रोपाला नाक देत होते, आणि माझं नाव कुठं होतं? शेवटी, 'बहिणीचीही मदत झाली.' तू तो लेख मला मोठ्यानं वाचून दाखवलास. तुला ते वाक्य खटकलंसुद्धा नाही." तिनं शेताकडे हात केला. "रोपं तीनशे उगवली होती. त्यांतलं हे एक कुणी ओळखलं? निवड म्हणजेच वाण, हे तूच मला शिकवलंस ना? मग निवड केली कुणी?"

तो लेख वैजयंतीला आठवत होता आणि ते वाक्यही. यात शर्मिष्ठाचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. गोष्ट एवढ्यावरच थांबली असती, तर दोघी भांडल्या असत्या, वर्षभर बोलल्या नसत्या आणि मग कुणाच्या तरी लग्नात पुन्हा शेजारी बसल्या असत्या.

"झाड घेतलंस, त्याचं मी बघून घेतलं असतं," ती म्हणाली. "पण चार वर्षांपूर्वी तुझ्या भट्टीवरच्या बायकांना वास यायला लागला. त्या दिवशी तुला मी आठवले नाही?"

शर्मिष्ठाचा चेहरा उतरला. "आठवलीस. सगळ्यांत आधी तूच आठवलीस."

"मग?"

"अर्काची बाटली घेऊन निघालेसुद्धा होते. घाटाच्या पायथ्यावरून परत फिरले." ती बोटं मोडत राहिली. "तुला वास आला की तू पहिल्यांदा विचारणार, हे झाड कुठलं? दाखव. आणि बघितलंस की ओळखणार. मी म्हटलं, नोंदणी होऊ दे, मग सांगू. मग म्हटलं, चाचणी सुरू होऊ दे. मग भावजी गेले. त्यानंतर सांगायला तोंडच राहिलं नाही, ताई."

"त्यांच्या स्वेटरला वास होता?"

शर्मिष्ठा पुन्हा हात पुसू लागली.

"शमा, होता का?"

"वर्षभर होता," ती कशीबशी म्हणाली. "खूप होता. नंतर गेला. पण तू इतक्या आशेनं विचारायचीस..."

वैजयंतीनं व्हरांड्याचा खांब धरला. वर्षभर तो त्या पिशवीत होता. वर्षभर ती त्याला उघडून दुसऱ्याच्या नाकाशी धरत होती, आणि तिचं नाक परत देऊ शकणारी बाटली इथं खाली, तासाभराच्या अंतरावर, फळीवर उभी होती.

"मी नोंदणीत तुझं नाव घालते," शर्मिष्ठा घाईघाईनं म्हणाली. "आजच घालते. दोघींचं नाव. तुझं आधी."

"नको."

"मग हरकत घेणार आहेस? घे. तुझा हक्कच आहे."

"नाही घेणार." वैजयंतीला आश्चर्य वाटलं, की हे बोलताना तिचा आवाज स्थिर होता. "पुण्याला एक लोंढे म्हणून माणूस रांगेत बसलाय. त्याचं नाक माझ्या भांडणासाठी मी अडवून धरणार नाही. तसं करायला तू पुरेशी आहेस. वाण तुझाच राहू दे, नावासकट. तुझ्याबरोबर एका ओळीत मला माझं नाव नको."

शर्मिष्ठा उठली आणि लहानपणी चूक केल्यावर यायची तशीच आली, दोन्ही हात पुढे करून, आणि तिनं ताईच्या गळ्यात मिठी घातली. "ताई," ती म्हणाली, "ताई गं."

डोळ्यांनी पाहिलेलं, कानांनी ऐकलेलं मेंदूत आधी एका चौकीवर थांबतं आणि मग आत जातं. वास तिथं थांबत नाही. तो सरळ आठवणींच्या घरात शिरतो. शर्मिष्ठाच्या मानेशी खोबरेलाचा वास होता, घामाचा होता आणि त्याखाली आणखी एक होता ज्याला नाव नाही, एका पांघरुणात दोघी झोपायच्या तेव्हा अंधारात यायचा तो. वैजयंतीचे हात आपोआप बहिणीच्या पाठीकडे उचलले गेले. नाकाला यातलं काहीच कळलं नव्हतं. ते आपलं माणूस ओळखून मोकळं झालं होतं.

तिनं श्वास रोखला.

श्वास रोखूनच तिनं शर्मिष्ठाचे हात एकेक करून गळ्यातून सोडवले, पायऱ्या उतरल्या आणि मागून येणाऱ्या हाकेकडे लक्ष न देता फाटकाकडे चालू लागली. वाट लांब होती. छाती भरून आली, कानशिलं ठणकू लागली, डोळ्यांपुढे काजवे चमकले. फाटक अजून चार पावलांवर होतं, तेव्हा तिचा दम सुटला आणि तोंड उघडून, नाक उघडून तिला हवा आत घ्यावीच लागली. उन्हानं तापलेल्या सगळ्या शेताचा वास एका दमात आत आला.

तो फार सुंदर होता.